दमानं घ्यायचा दिवस

मुंबईहून बँकॉकला जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात आणि चार-साडेचार तासांत पहाटे-सकाळी तिथे टेकतात. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे आधीच तुटलेली झोप आणखी आखूड होते. तिकीट स्वस्त पडलं आणि रजेचा एक दिवसही वाचला, असा या वेळेमागचा हिशेब. इमिग्रेशनची रांग, सामान, सिमकार्ड हे सगळं उरकून सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातून निघणाऱ्या रेल्वेनं फया थाई स्टेशन गाठेपर्यंत नऊ वाजून जातात. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला मिळणार. मधले पाच तास हातात मोकळे. सोबत कुणी असतं तर ‘जरा बसू या’ असं एकानं तरी म्हटलं असतं. एकटा माणूस मात्र पाठीवरची सॅक सावरतो आणि थेट राजवाड्याकडे निघतो. माझा आक्षेप या पाच तासांना आहे. उष्ण आणि दमट शहरातला पहिला दिवस बघण्या-फिरण्याचा नसतो, तो शरीराला तिथल्या हवेची ओळख होण्याचा असतो, आणि तो निम्म्या वेगानं घालवणं हेच शहाणपणाचं आहे. हा सल्ला कुणाला म्हातारपणाचा वाटेल, पण त्यामागे भक्कम पुरावा आहे.

सुरुवात घामापासून करावी लागेल. भोवतालची हवा आपल्या त्वचेपेक्षा थंड असते तेव्हा शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. उकाड्यात त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवाही तिथवर पोहोचली की हा रस्ता बंद होतो आणि घाम हा एकच उपाय उरतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे या यंत्रणेची ताकद काही कमी नाही. अट एवढीच, की घाम वाळला पाहिजे. कपाळावरून ओघळून शर्टात मुरलेला किंवा हनुवटीवरून टपकलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा मात्र देत नाही. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळायचा वेग मंदावतो, शरीर आणखी घाम काढतं, तोही टपकतो. आपल्याला वाटतं, एवढा घाम येतोय म्हणजे शरीर थंड होत असणार. प्रत्यक्षात त्यातला बराचसा फुकट गेलेला असतो.

इथेच पहिली हरकत येते आणि ती हमखास आपल्याकडची असते: आम्ही काय स्वित्झर्लंडहून आलोय? नागपूर-चंद्रपूरचा मे महिना काढलेल्या माणसाला बँकॉकच्या ३३ अंशांचं काय कौतुक! हरकत रास्त वाटते, पण आकडे वेगळंच सांगतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर बाष्पीभवनानं ते जितकं खाली उतरेल त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणतात. घामाला काम करायला किती वाव आहे, ते या आकड्यावरून कळतं. नागपूरच्या ४४ अंशांत आर्द्रता १५ टक्के धरली, तर हा आकडा २३ अंशांच्या आसपास येतो. बँकॉकच्या ३३ अंशांत आर्द्रता ६५ टक्के धरली, तर तो साडेसत्तावीसच्या घरात जातो. घामापुरता विचार केला तर बँकॉकची ‘सौम्य’ दुपार विदर्भातल्या कडक दुपारपेक्षा जड पडते. वाळ्याचा कूलर नागपुरात घरोघरी चालतो आणि मुंबईत कुणी घेत नाही, त्याचं कारणही हेच. आपलं शरीर हा त्याच तत्त्वावर चालणारा कूलर आहे. लूनं माणसं मरतात हे खरंच आहे आणि कोरड्या उन्हाला कमी लेखण्याचं काही कारण नाही. पण एका उकाड्याचा सराव दुसऱ्या उकाड्यात जसाच्या तसा चालत नाही. ओल्या फडक्याचा आकडा कुठवर सोसतो, याचीही मोजदाद झाली आहे. २०१० साली स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी ३५ अंश ही मानवी सहनशक्तीची सैद्धांतिक हद्द मांडली. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग झाले. त्यात दमट हवेत, अगदी हलक्या हालचाली करतानाही, शरीराचं तापमान ३१ अंशांच्या आसपासच हाताबाहेर जाऊ लागलं. साडेसत्तावीस आणि एकतीस यांत अंतर आहे, पण ते हलक्या हालचाली करणाऱ्या माणसाचं. भर उन्हात झपाझप चालणाऱ्याचं ते राहत नाही.

मग मुंबईकर, पणजीकर तरी सुटले का? निम्मे. दमट हवेची सवय जन्मगावावरून लागत नाही, अलीकडच्या दोन-तीन आठवड्यांत अंगावर किती उकाडा घेतला त्यावरून लागते. दिवसभर एसी कार्यालयात बसणारा, जानेवारीत सुट्टी काढून निघालेला दादरचा माणूस शरीराच्या दृष्टीनं बराचसा नवखाच असतो. सवय लागते म्हणजे काय होतं, हे शरीरशास्त्रानं नीट उलगडलं आहे. पहिल्या काही दिवसांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, त्यामुळे त्वचेकडे रक्त पाठवताना हृदयाची धावपळ कमी होते. घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातून जाणारं मीठ घटतं. हे सगळं पुरतं जुळून यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि थंड हवेत परतलं की काही आठवड्यांत ते ओसरतं. म्हणजे गेल्या वर्षीची बँकॉकवारी या वर्षी कामाला येत नाही.

पहिल्याच दिवसावर मी एवढा अडून बसलो आहे, त्याचं कारण पर्यटनात सापडत नाही, खाणींत सापडतं. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी जसजशा खोल गेल्या, तसतसा खालचा उकाडा आणि दमटपणा वाढत गेला आणि १९२० च्या दशकात मजूर उष्माघातानं मरू लागले. सिटी डीप खाणीतले डॉक्टर ड्रेओस्टी यांनी १९३० च्या दशकात यावर पद्धतशीर काम केलं: नव्या मजुराला थेट खोल उतरवायचं नाही, आधी त्याला उष्ण-दमट जागेत काही दिवस चढत्या क्रमानं कामाला लावायचं, मग खाली पाठवायचं. मालकांना मजुरांचा कळवळा आला होता असं समजायचं कारण नाही. माणूस कोसळला की सोनं वर येणं थांबतं. पण हेतू काहीही असो, धडा पक्का होता. अमेरिकेतला कामगार सुरक्षेचा सरकारी विभाग आजही सांगतो, की कामावर उष्णतेनं होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे कामगाराच्या पहिल्याच दिवशी होतात आणि ७० टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात. म्हणून तिथली शिफारस अशी: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेत नेहमीच्या फक्त २० टक्के वेळ काम द्यावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं. पूर्वी असं काम केलेला माणूस परत आला तर त्याला पहिल्या दिवशी ५० टक्के. ‘आम्हाला उकाड्याची सवय आहे’ म्हणणाऱ्यांना हा दुसरा आकडा मुद्दाम दाखवण्यासारखा आहे. सवय असलेल्यालाही निम्मंच.

‘पण पर्यटक काही खाणीत फावडं मारत नाही.’ ही हरकत मला सगळ्यांत वजनदार वाटते. तिचं उत्तर द्यायचं तर राजवाड्याचं आवार जवळून बघायला हवं. ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो, साडेतीनला तिकीटविक्री थांबते. म्हणजे उन्हाचाच वेळ. आत जायला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे पूर्ण पँट, बाह्यांचा शर्ट. आवारातली फरसबंदी तापलेली असते, पांढऱ्या भिंती आणि सोनेरी स्तूप ऊन परत अंगावर फेकतात, काचतुकड्यांनी मढवलेले खांब डोळे दिपवतात. चारी बाजूंना गर्दी असल्यानं वारा लागत नाही. पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात बूट काढून जायचं, बाहेर येऊन तापल्या दगडावर ते पुन्हा चढवायचे. त्या आवारात सावली म्हणाल तर भोवतालच्या ओवऱ्यांत, जिथे भिंतींवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, चितारलेलं आहे. दुपारी बारा वाजता तिथल्या चित्रांपुढे जी दाटी असते ती सगळी काही रामभक्तांची नसते. आता हिशेब करा. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. पाठीवर सामान घेऊन भरभर चालताना ती तिप्पट-चौपट होते. त्यात रात्रभराचं जागरण. अपुरी झोप हा उष्माघाताचा धोका वाढवणारा मान्य घटक आहे. खाणीतल्या मजुराएवढे कष्ट यात नाहीत, हे कबूल. पण मजुराला निदान पाळी संपल्याचा भोंगा असतो. तिकिटाचे पैसे वसूल करायला निघालेल्या माणसाला थांबा म्हणणारं कुणी नसतं. मृत्यू क्वचितच ओढवतो हेही खरं. नेहमी घडतं ते वेगळंच. संध्याकाळी डोकं ठणकतं, मळमळतं, पोटरीत गोळे येतात आणि दुसरा दिवस खोलीत पडून जातो.

एसीचा आधार घेणारे म्हणतील, शहर भरून मॉल आहेत, स्कायट्रेन गारेगार आहे, मग चिंता कशाची? उकाडा असह्य झाला तर एसीत शिरावं, यात वाद नाही. तो जीव वाचवतो. पण एसी सवय लावत नाही, उलट मोडतो. याचा एक चांगला पुरावा बँकॉकमधलाच आहे. जॉन बुश या संशोधकानं तिथल्या अकराशेच्या आसपास कार्यालयीन कर्मचाऱ्यांना, ते जिथे बसले होते तिथेच, हवा कशी वाटते हे विचारलं आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. एसी इमारतींत काम करणाऱ्यांची सोसण्याची वरची मर्यादा २८ अंशांच्या आसपास भरली. उघड्या खिडक्या आणि पंख्यांच्या इमारतींत बसणाऱ्यांची ३१ च्या आसपास. शहर एक, हवा एक, माणसंही त्याच समाजातली. फरक फक्त रोजच्या सवयीचा. पहिला अख्खा दिवस मॉलमध्ये काढणारा माणूस दुसऱ्या दिवशी नवखाच राहतो. म्हणून निम्मा वेग म्हणजे खोलीत दडून बसणं नव्हे. तास-दोन तास उकाडा अंगावर घ्यायचाच, पण सावलीतून, सावकाश, आणि थांबायची सोय जवळ ठेवून.

आता चौथी हरकत: तिथली माणसं तर दिवसभर उन्हात राबतात! राबतात, पण कशी, तेही पाहावं. बांधकामावरचे मजूर आणि झाडूवाले लांब बाह्यांचे कपडे घालतात, डोळ्यांखेरीज सगळा चेहरा झाकतात. बायका छत्री उघडल्याशिवाय रस्ता ओलांडत नाहीत. गल्लीबोळांना तिथे सोई म्हणतात. त्यांच्या तोंडाशी नारिंगी जाकिटांतले मोटारसायकलवाले सावलीत बसलेले असतात आणि अर्ध्या किलोमीटरच्या अंतरासाठीही लोक त्यांच्या मागे बसून जातात. बाहेरून आलेल्याला हा आळस वाटतो. आणि एवढं करूनही दर उन्हाळ्यात तिथे उष्माघाताचे बळी जातातच. शहराची खरी वर्दळ दिवसाच्या दोन टोकांना असते: पहाटे भिक्खू भिक्षेला निघतात, लुंपिनी बागेत लोक धावतात, सूर्य कलल्यावर त्याच बागेत गाणी लावून सामूहिक व्यायाम सुरू होतो, आणि याओवारात म्हणजे चिनी वस्तीत खाण्याच्या गाड्या लागतात. मधल्या दुपारी रस्त्यावर रेंगाळणारे ओळखावेत, ते पर्यटक. ही परंपरा जुनीच आहे. १८६१ साली बँकॉकमधल्या युरोपीय वकिलातींनी राजा मोंगकुट यांच्याकडे अर्ज केला, की घोड्यावरून आणि गाडीतून फेरफटका मारायला इथे रस्ते नाहीत, म्हणून आम्ही सारखे आजारी पडतो. राजानं ऐकलं आणि १८६४ पर्यंत चारोएन क्रुंग हा रस्ता तयार झाला. गावकरी तोवर कालव्यांतून होडीनं, बसून आणि वारा खात, हिंडत होते. त्यांनी असा अर्ज केल्याची नोंद नाही.

यातूनच पहिल्या दिवसाचा आराखडा निघतो, आणि ‘चार दिवसांच्या सहलीतला एक वाया गेला’ या शेवटच्या हरकतीचं उत्तरही. दिवस वाया जात नाही, सरकतो. सामान हॉटेलात टाकता येतं; खोली नसली तरी बॅगा ठेवून घेतात. पोटाला हलकं काही हवं तर सकाळी जोक मिळतो, म्हणजे आपल्या खिमटासारखी तांदळाची पातळ पेज. डुकराचं मांस नको असेल तर आधीच सांगावं, कारण ते बहुधा असतंच. जवळपासच्या गल्ल्यांत सावलीच्या कडेनं तासभर चालावं, औषधाचं दुकान, पाणी, स्टेशनचा जिना कुठे आहे ते पाहून ठेवावं. दोनला खोली मिळाली की अंघोळ आणि झोप. पाचच्या सुमारास स्कायट्रेननं सफान ताक्सिनला उतरलं की स्टेशनखालीच साथोर्न धक्का आहे. तिथून चाओ फ्राया नदीवरची नारिंगी झेंड्याची प्रवासी बोट पकडावी. जे सकाळी धापा टाकत बघायचं होतं, ते वाट अरुण मंदिराचं शिखर आणि राजवाड्याची छपरं अंगावर वारा घेत बसल्या जागी दिसतात. राजवाड्याच्या आत दुसऱ्या दिवशी साडेआठला, दार उघडताना जावं. झोपलेल्या माणसाला तिथे दीड तास पुरतो. एका दिवसात दोन दिवसांचं बघायचा अट्टहास करणाऱ्याच्या हातात चार दिवसांअखेर बहुधा यापेक्षा कमीच पडतं.

पाण्याबद्दल लोक एका टोकाचं काहीतरी ऐकून येतात, म्हणून थोडं. नवख्या शरीराच्या घामातून मीठ जास्त जातं, तेव्हा नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसणं बरोबर नाही. रक्तातला सोडियम उतरला तर त्यानंही डोकेदुखी-मळमळ होते आणि माणूस ती तहान समजून आणखी पाणी पितो. जेवणातलं मीठ आणि भरपूर घाम गेला असेल तर ओआरएसची पुडी, जी कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्येही मिळते, एवढं पुरतं. बर्फाला आपली माणसं भितात. मधोमध भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यात तयार झालेला असतो, त्याची धास्ती नको. घामोळ्यांची पावडर आणि नाकाला लावायच्या मेंथॉलच्या नळ्या तिथे हरेक दुकानात आहेत. छान वाटतं त्यांनी, पण मेंथॉल फक्त थंडाव्याची जाणीव जागी करतो, शरीराचं तापमान उतरवत नाही. तेवढ्या तरतरीवर आणखी एक देऊळ करू म्हणणं धोक्याचं.

आणि एकटेपणाचा मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उष्णता चढू लागली की आधी माणसाची विचारशक्ती मंदावते, चिडचिड होते, निर्णय चुकतात. आणि हे ज्याचं त्याला कळत नाही, शेजारच्याला कळतं. म्हणून सैन्यात आणि खाणींत जोडीनं राहायला सांगतात. एकट्याला जोडीदार नाही, तेव्हा जोडीदाराचं काम आधी ठरवलेल्या नियमांनी करायचं: अमुक वाजता सावली, तमुक वाजता खोली, बरं वाटत असलं तरी. राजवाड्याच्या बाहेर नीटनेटक्या कपड्यांतला एखादा गृहस्थ ‘आज राजवाडा बंद आहे’ म्हणून सांगतो आणि वीस बाथमध्ये शहर दाखवणाऱ्या टुकटुकमध्ये बसवून देतो; ती टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानापुढे थांबते. ही फसवणूक इतकी जुनी आहे, की प्रत्येक मार्गदर्शक पुस्तकात छापलेली आहे. तरी ती चालते, कारण गिऱ्हाईक बहुधा न झोपलेलं, घामेजलेलं आणि सावलीत बसायला मिळतंय म्हणून खूश झालेलं असतं. चक्कर, गोंधळल्यासारखं होणं, बोलताना जीभ जड होणं ही लक्षणं दिसली तर मात्र दुकानदार असो की पहारेकरी, जवळच्या पहिल्या माणसाला सांगावं. रुग्णवाहिकेसाठी १६६९ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५ हे क्रमांक फोनमध्ये आधीच घालून ठेवावेत.

ऋतूनुसार या सगळ्यात कमी-जास्त होतं. एप्रिल सर्वांत वाईट. सोंगक्रानचा पाण्याचा सण १३ ते १५ एप्रिलला येतो आणि भर रस्त्यात भिजायला मिळतं म्हणून परदेशी लोक नेमके तेव्हाच गर्दी करतात. भिजलेले कपडे गार वाटतात, पण दिवसभर उन्हात नाचायचा तो परवाना नव्हे. मे ते ऑक्टोबर पावसाचा काळ, ढग असले तरी हवा कोंदलेली. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येकडून कोरडे वारे येतात, रात्रीचा पारा एकवीस-बावीसपर्यंत उतरतो. त्या आठवड्यांत विमानात चांगली झोप झालेली असेल, तर पहिल्याच सकाळी राजवाड्याला जायला माझी हरकत नाही. फक्त सॅक हॉटेलात ठेवून.